ओठांवरचे ठिपके आणि गडद रंगाचा रुमाल

पहिल्या भेटीच्या कागदावर माझ्याच हातची नोंद आहे : "स्त्री, वय 38. ओठांवर व गालांवर बारीक लाल ठिपके, साधारण सहा वर्षं. खाज नाही, दुखत नाही. लेसर हवं. तारीख दिली." एवढंच. वरच्या कोपऱ्यात दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं "ॲनिमिया, लोहाच्या गोळ्या चालू" हेही आहे. त्याखाली मी रेघसुद्धा ओढलेली नाही.

त्वचेवर दिसणाऱ्या, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांना आम्ही टेलँजिएक्टेशिया म्हणतो. त्वचेच्या वरच्या थरातल्या केशवाहिन्या किंवा त्यांना जोडलेल्या सूक्ष्म नीला कायमच्या रुंदावल्या की त्या डोळ्यांना दिसू लागतात. जाडी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. कुठे रेघोट्या, कुठे जाळी, कुठे नुसता ठिपका. त्वचेच्या डॉक्टरकडे त्या इतक्या येतात की नजर सरावते. वर्षानुवर्षं ऊन लागलेली कातडी, रोझेशिया हा चेहरा लाल करणारा त्वचारोग, चेहऱ्यावर महिनोन्महिने चोपडलेलं स्टेरॉइडचं मलम, पायांवरच्या निळसर-लाल शिरा, नाहीतर नुसतं वय. बहुतेकांचा प्रश्न दिसण्याचा असतो आणि त्याला लेसर हे चांगलं उत्तर आहे. त्यामुळे तारीख दिली यात वावगं काही नव्हतं. चुकलं ते तारीख देण्याआधी. मी दोन प्रश्न विचारायला हवे होते, ते विचारले नाहीत.

लेसरच्या दिवशी बाई वेळेवर आल्या. मी आत मशीन लावत होते. बाहेरून मदतनीस म्हणाली, "मॅडम, पेशंटच्या नाकातून रक्त येतंय." बाहेर आले तर त्या शांत बसलेल्या. मान पुढे झुकवलेली, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरलेला, तोंडाने श्वास. अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. लोक सहसा घाबरून मान मागे टाकतात. बाईंचा हात सरावलेला दिसत होता.

"घोळणा फुटलाय. पाच-दहा मिनिटांत थांबेल. तुम्ही तुमचं चालू द्या, डॉक्टर."

"नेहमी फुटतो?"

"आठवड्यातून तीन-चारदा. शाळेत असल्यापासून. उष्णता, दुसरं काय. बाबांचाही फुटायचा. माझ्या धाकट्याचाही फुटतो."

मांडीवर रुमाल होता, गर्द मरून. तो का लक्षात राहिला हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या वाक्याने उलगडलं. "आमच्या घरात पांढरा रुमाल कोणी वापरतच नाही. उशांचे अभ्रेसुद्धा गडद घेतो. धुवायचं कोण सारखं?"

तीन पिढ्यांचा इतिहास त्या अभ्र्यांमध्ये होता, आणि तो सांगण्यासारखा आहे असं त्या घरात कोणालाच वाटलं नव्हतं. घरात सगळ्यांना होतं ते दुखणं राहत नाही, तो घराचा स्वभाव होतो. लेसर बंद केलं आणि मी खुर्ची ओढून समोर बसले.

ठिपके, या वेळी नीट पाहिलेले

रक्त थांबल्यावर भिंगातून पाहिलं. खालच्या ओठावर सात, वरच्या ओठावर दोन. प्रत्येक एक ते तीन मिलिमीटरचा, कडा स्पष्ट, रंग पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, काही किंचित उंचवटलेले. काचपट्टी ओठावर ठेवून हलकेच दाबली. ठिपका फिका पडला, जवळजवळ गेला. दाब काढताच एका क्षणात पुन्हा भरला. रक्त वाहिनीबाहेर कातडीत सांडलेलं असेल, म्हणजे रक्तबिंदूचे डाग असतील, तर दाबून ते जात नाहीत. हे भरत होते, म्हणजे जिवंत वाहिन्या होत्या.

मग जीभ बाहेर काढायला सांगितली. टोकाला आणि कडेला पाच. बोटं उलटी करायला सांगितली. उजव्या तर्जनीच्या आणि अनामिकेच्या पेऱ्यावर, नखाशी लागून, टाचणी टोचल्यासारखे तीन. ते त्यांनी स्वतःही कधी पाहिले नव्हते. गालांवरचे आठ-दहा विखुरलेले.

त्वचेच्या रोगांत जागा निम्मं निदान सांगते. रोझेशिया गालाच्या मधोमध आणि नाकावर पसरते, जिभेवर जात नाही. स्टेरॉइडचं मलम जिथे लावलं तिथेच कातडी पातळ करतं. यकृताच्या आजारात आणि गरोदरपणात दिसणारा स्पायडर नीव्हस मधल्या ठिपक्यातून पाय पसरलेल्या कोळ्यासारखा असतो. मधोमध टाचणीच्या डोक्याने दाबलं की सगळे पाय नाहीसे होतात आणि सोडलं की मधून बाहेर भरत जातात. तो चेहरा, मान, हात, छातीचा वरचा भाग एवढ्यातच रमतो. स्क्लेरोडर्मा या कातडी ताठर करणाऱ्या आजाराच्या मर्यादित प्रकारात ओठांवर आणि बोटांवर ठिपके येतात खरे, पण ते सपाट, चौकोनी, चटईच्या तुकड्यासारखे, आणि बहुधा सोबत थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याची तक्रार, ताठरलेली कातडी असते. बाईंच्या बोटांची कातडी मऊ होती, थंडीचा त्रास नव्हता.

ओठ, जीभ, बोटांची टोकं आणि नाक. ही चौकडी एका आजाराची जवळजवळ सहीच आहे : हेरिडिटरी हिमोरॅजिक टेलँजिएक्टेशिया, थोडक्यात एचएचटी. जुन्या पुस्तकांत ऑस्लर-वेबर-रेंडू. फ्रान्समध्ये रेंडूने 1896 मध्ये घोळणा आणि ठिपके यांची जोडी हिमोफिलियापासून, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजारापासून, वेगळी काढली, ऑस्लरने 1901 मध्ये ती घराण्यात चालते हे मांडलं, वेबरने 1907 मध्ये भर घातली. आजचं लांबलचक नाव 1909 मध्ये हेन्सने दिलं, आणि नामावळीत त्याचंच नाव राहिलं नाही.

साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. म्हणजे दुर्मीळ, पण इतकाही नाही की गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो कधी येऊन गेलाच नसेल. माझ्यासमोरून याआधी किती गेले असतील हा विचार त्या दिवशी पाठ सोडेना.

धमनी आणि नीला यांच्यामधलं काहीतरी गायब

एरवी रक्त जोराने धमनीतून येतं, केशवाहिन्यांच्या दाट जाळीत त्याचा वेग आणि दाब मोडतो आणि मग ते निवांतपणे नीलेत उतरतं. एचएचटीमध्ये काही ठिकाणी ही मधली जाळीच राहत नाही. धमनी थेट नीलेला जोडली जाते. नीलेची भिंत त्या दाबासाठी बनलेलीच नसते. ती फुगते, पातळ होते, आणि नाकासारख्या कोरड्या वाऱ्याच्या जागी शिंक आली तरी फुटते. शिवाय आकसून रक्त थांबवायला भिंतीत पुरेसा स्नायू नसतो. रक्त गोठण्याच्या चाचण्या मात्र अगदी व्यवस्थित येतात, कारण दोष रक्तात नसून नळीत असतो. बाईंच्या या चाचण्या पूर्वी दोनदा झाल्या होत्या, दोन्ही वेळा "नॉर्मल", आणि दोन्ही वेळा विषय तिथेच मिटला होता.

कातडीवर ही चुकीची जोडणी मिलिमीटरची असते. फुप्फुसात, मेंदूत, यकृतात ती मोठी असू शकते. तिला आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन, एव्हीएम म्हणतात. ओठावरचा ठिपका फक्त नमुना असतो, माल आत असतो.

निदानासाठी कुरासाओ निकष वापरतात. 2000 मध्ये ते प्रसिद्ध झाले. निकष चार : आपोआप, पुन्हा पुन्हा फुटणारा घोळणा, ठरावीक जागांवरचे अनेक ठिपके, आतल्या अवयवांतली विकृती, आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कोणाला हाच आजार. तीन जुळले तर निदान पक्कं, दोन जुळले तर संशय. बाईंचे पहिले दोन बिनतोड होते. चौथ्याशी अडलं. वडील हयात नव्हते आणि त्यांचं निदान कधी झालंच नव्हतं. नुसता घोळणा फुटायचा एवढ्यावर त्यांना मोजायला मला पटेना.

"वडील कशाने गेले?"

"चोपन्नाव्या वर्षी. मेंदूत पू झाला होता. त्याच्या महिनाभर आधी दाढ काढली होती, मग ताप, डोकेदुखी, आणि एकदम फिट आली."

फुप्फुसातल्या एव्हीएमचा धोका नेमका इथे असतो. शरीरभर फिरून आलेलं नीलेतलं रक्त फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून जाताना दोन गोष्टी होतात. एक म्हणजे त्याला ऑक्सिजन मिळतो. दुसरीबद्दल कोणी बोलत नाही : ते गाळलं जातं. रक्ताची बारीक गुठळी, जंतूंचा पुंजका त्या चाळणीत अडकतो आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. एव्हीएममध्ये चाळणीला भोक पडलेलं असतं. दाढ काढताना रक्तात शिरलेले जंतू त्या भोकातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. गुठळी गेली तर पक्षाघात. बाईंच्या वडिलांचं तसंच झालं होतं का, हे आज सिद्ध करता येणार नाही. पण ही गोष्ट ऐकल्यावर छातीची तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलायची माझी हिंमत झाली नाही.

बसून आणि झोपून

टेबलावर पल्स ऑक्सिमीटर होता. खुर्चीत बसलेल्या बाईंच्या बोटाला लावला : 91. मला वाटलं, बोट गार असेल. बोट चोळून पुन्हा लावला, 91. मग त्यांना तपासणीच्या पलंगावर उताणं झोपवलं आणि पाच मिनिटं थांबले. आकडा हळूहळू चढत 95 वर गेला. पुन्हा बसवलं, पुन्हा 91 वर आला.

दमा किंवा हृदयाच्या त्रासाचा माणूस बहुधा झोपल्यावर धापतो, बसल्यावर त्याला बरं वाटतं. इथे उलट होतं. फुप्फुसातले एव्हीएम बहुतेक खालच्या भागात असतात. बसलं की गुरुत्वाकर्षणाने रक्त खाली जातं, चुकीच्या वाटेने जास्त वाहतं, ऑक्सिजन घसरतो. आडवं झालं की वाटणी बदलते. याला ऑर्थोडिऑक्सिया म्हणतात. त्यासाठी लागतात एक बोटाला लावायचं यंत्र आणि एक पलंग. आकडा बरोबर आला म्हणून एव्हीएम नाही असं मात्र म्हणता येत नाही. लहान असेल तर काहीच बदलत नाही.

धाप लागते का विचारलं तर म्हणाल्या, "जिने चढताना लागते, पण रक्त कमी आहे ना." तेही खरंच होतं. हिमोग्लोबिन 8.2, आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन जेमतेम 6. इतकी वर्षं ॲनिमियाचं खापर पाळीवर फोडलं गेलं होतं. पाळी कशी असते विचारल्यावर त्यांनी जे वर्णन केलं ते अगदी साधारण होतं. आणखी एक बारकावा : ऑक्सिजन कायम कमी असलेल्या माणसाचं शरीर भरपाई म्हणून हिमोग्लोबिन वाढवतं. तिथे 8.2 म्हणजे कागदावर दिसतं त्याहून मोठी तूट. विशीपासून असलेली अर्धशिशी, आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक आणि मग डोकं, हीसुद्धा फुप्फुसातल्या एव्हीएमच्या रुग्णांत जास्त आढळते. तीन तक्रारी तीन डॉक्टरांकडे वाटल्या गेल्या होत्या. चौथी, ठिपक्यांची, माझ्याकडे.

बबल इको झाली. सलाइन दोन सिरिंजांमध्ये मागेपुढे ढवळून त्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार करतात आणि हाताच्या शिरेतून सोडतात. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू बर्फ पडावा तशी पांढरी होते. फुप्फुसाची चाळणी शाबूत असेल तर बुडबुडे तिथेच विरतात आणि डावी बाजू काळी राहते. हृदयाच्या पडद्यालाच भोक असेल तर ते लगेच, पहिल्या दोन-तीन ठोक्यांत पलीकडे दिसतात. बाईंच्या बाबतीत चौथ्या ठोक्यानंतर डावी बाजू भरून आली, दाट. बुडबुडे हृदयातून नाही, फुप्फुसातून वळसा घालून आले होते.

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन एव्हीएम निघाले. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी मोठा, त्याला रक्त पुरवणारी धमनी 5 मिलिमीटरची. डावीकडे लहान, धमनी 2.5. दोन-तीन मिलिमीटर आणि त्याहून मोठी धमनी असलेले एव्हीएम बंद करावेत असा संकेत आहे. कुरासाओचा तिसरा निकष पुरा झाला. वडिलांना मोजायची गरज उरली नाही.

मेंदूचा एमआरआय निर्दोष आला. यकृताच्या डॉपलरमध्ये थोड्या रुंदावलेल्या वाहिन्या होत्या. एचएचटीच्या पुष्कळ रुग्णांत त्या असतात आणि बहुतेकांना त्यांचा जन्मभर त्रास होत नाही. तिथे काही केलं नाही. फक्त कागदावर ठळक लिहून दिलं की यकृताची बायोप्सी करू नये.

काय केलं

आधी फुप्फुस. मांडीच्या शिरेतून नळी फुप्फुसातल्या धमनीपर्यंत नेऊन उजवा एव्हीएम प्लगने आणि डावा कॉइलने बंद केला. छाती उघडावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी बसून ऑक्सिजन 97. बाईंना फरक आकड्याने कळला नाही, जिन्याने कळला. अर्धशिशीही पुढच्या काही महिन्यांत विरळ झाली. ती एव्हीएम बंद झाल्यामुळे की लोह भरून आल्यामुळे, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

लोह शिरेतून दिलं. गोळ्यांनी पोटाला त्रास व्हायचा म्हणून त्या मध्येच सोडून देत होत्या, हे कोणी विचारलंच नव्हतं. शिरेतून काहीही देताना मात्र एक अट : नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. एरवी आपण छोट्या बुडबुड्याकडे कानाडोळा करतो, कारण फुप्फुस तो गाळतं. इथे तो भरवसा नाही. एव्हीएम बंद झाल्यावरही नाही, कारण स्कॅनमध्ये न दिसणारे बारीक जोड राहू शकतात. म्हणून दातांच्या रक्त येणाऱ्या उपचारांआधी अँटिबायोटिक आणि शिरेतल्या नळीला फिल्टर, या सूचना जन्मभराच्या. खोल समुद्रातलं स्कूबा डायव्हिंग वर्ज्य; साधं पोहायला हरकत नाही.

नाकासाठी सर्वांत कंटाळवाणा उपाय सर्वांत आधी : ओलावा. दिवसातून दोनदा सलाइनचा फवारा आणि जेल, नाकात बोट नाही, खोलीतली हवा कोरडी होऊ द्यायची नाही. सोबत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, पूर्वी कुठे रक्ताची गुठळी झाली नव्हती हे खात्रीने विचारून. त्यांच्या नाकाच्या पडद्याला पूर्वी दोनदा रसायनाने डाग दिला होता. पुन्हा पुन्हा डागलं की पडद्याला भोक पडू शकतं, म्हणून ते बंद केलं. तीन महिन्यांत घोळणा आठवड्याला तीन-चारवरून महिन्याला दोन-तीनवर आला. नसता आला तर पुढची पायरी नाकातले ठिपके लेसरने जाळण्याची किंवा स्क्लेरोथेरपीने, म्हणजे औषध टोचून, बंद करण्याची, आणि त्यानंतर नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारं बेव्हासिझुमॅब. पोमॅलिडोमाइड या गोळीने घोळणा कमी होतो हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. ती गर्भाला घातक असल्याने तरुण स्त्रियांत फार जपून.

आणि ज्यासाठी बाई आल्या होत्या ते? आठ महिन्यांनी ओठांवरचे सात ठिपके लेसरने काढले. दोन परत उगवले. नवीन येत राहतील हे आधीच सांगून ठेवलं होतं. जिभेचे आणि बोटांचे तसेच ठेवले, त्यांचा त्रास नव्हता. बाई आरशात बघून म्हणाल्या, "एवढ्यासाठी आले होते मी." दोघीही हसलो, पण मला ते वाक्य फारसं हसण्याजोगं वाटलं नाही. ठिपके त्या पहिल्या दिवशी काढून दिले असते तर निदानाची एकुलती एक सहज दिसणारी खूण मीच पुसून टाकली असती.

घरातले बाकीचे

रक्ताच्या जनुकीय तपासणीत एन्डोग्लिन या जनुकात बिघाड सापडला. एचएचटीचे बहुसंख्य रुग्ण एन्डोग्लिन नाहीतर एसीव्हीआरएल1 या दोन जनुकांपैकी एकातल्या दोषाचे असतात. एन्डोग्लिनवाल्यांत फुप्फुसातले आणि मेंदूतले एव्हीएम जास्त. तिसरं जनुक एसएमएडी4. ते निघालं तर मोठ्या आतड्यातले पॉलिपही शोधावे लागतात. आजार प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. घरातला नेमका बिघाड माहीत झाला की बाकीच्यांसाठी एकच रक्ततपासणी पुरते. तिच्यात बिघाड निघाला नाही तर स्कॅन, इको, दरवर्षीची धास्ती, सगळ्यातून सुटका.

थोरली मुलगी, 17 वर्षांची, निर्दोष निघाली. धाकटा, 14 वर्षांचा, घोळणावाला, त्याच्यात बिघाड आहे. ओठांवर एकही ठिपका नाही. घोळणा बहुधा बारा-तेराच्या आसपास सुरू होतो, ठिपके पुष्कळदा त्यानंतर कित्येक वर्षांनी येतात, त्यामुळे लहान मुलात ठिपके नसल्याचा काही अर्थ काढू नये. त्याच्या बबल इकोत थोडेच बुडबुडे पलीकडे गेले. बंद करण्यासारखं काही नाही, पण दातांना तार बसवण्याआधी दोन दाढा काढायच्या होत्या, त्या अँटिबायोटिक देऊन काढल्या. आजोबांची गोष्ट त्याला त्याच्या आईने दंतवैद्याच्या दारात सांगितली म्हणे.

बाईंचा वर्षानंतरचा सीटी स्कॅन झाला, दोन्ही जागा बंदच आहेत. पुढचा तीन वर्षांनी. हिमोग्लोबिन 12.6.

थोरली बहीण तपासणीला तयार नाही. तिचा घोळणा फुटत नाही, ठिपकेही नाहीत, असं ती फोनवर म्हणते. बाईंना ते खरं वाटत नाही. मी तिला अजून पाहिलेलं नाही.